कुंकवाचं बोट

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईचं कुंकवाचं बोट शेजारणीच्या कपाळापाशी येऊन थबकलं. मला कळलं, नाव निसटलं. डॉक्टर म्हणाले होते, हे सौम्य विस्मरण आहे. रोजची सगळी कामं तुमच्या आई करतील, फक्त थोडा वेळ लागेल. तो थोडा वेळच मला सोसत नाही. मी घाईने नाव पुरवणार, तोच आई हसून म्हणाली, "चेहरा ओळखला गं, नाव तेवढं सांग. हल्ली विसरायला होतं मला."

किती सहज! चष्म्याचा नंबर वाढला हे आपण चारचौघांत सांगतो, तसं. विसरलेलं लपवण्यातच माणूस निम्मा थकत असेल. आईने ते लपवलंच नाही, आणि भरल्या घरात माझी मान ताठ झाली.

शेजारीण म्हणाली, "सुनंदा." तिच्या मागची न विचारताच म्हणाली, "मी रेखा." मग प्रत्येकीनेच नाव सांगत कपाळ पुढे केलं. शेवटी माझी पाळी आली. मीही म्हटलं, "मी वैशाली."

कुंकू लावता लावता आईने डोळे वटारले. "तुझं कशाला सांगतेस? ते मीच ठेवलंय."