पवळ्यानं लात मारली नव्हती

सन दोन हजार अकरा. मी चौसष्ट वर्षांचा होतो. त्या सालच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी माझ्या हातून जे झालं ते आजवर मी कोणालेच सांगितलं नाही. अमरावतीच्या पोरीले नाही, सख्ख्या भावाले नाही. जिले ठाऊक होतं ती, माझी बायको वत्सला, तीन वर्षांमागं गेली. आता ठाऊक असणारा मी एकटाच उरलो. शाळा तिसरीपर्यंत — अक्षर वाकडं आहे. वाचून घ्या.

माझा धंदा नालबंदीचा. बैलाच्या खुराले लोखंडी नाल ठोकायचे. मूर्तिजापूरच्या भोवतालच्या खेड्यांत चाळीस वर्षं फिरलो, एकाच सायकलवर. काळी, बावीस इंची. कॅरिअरले हातोडा, कानस, खिळ्यांचा डबा अन् बैल पाडायचा दोर. तिच्या सीटवर दुसऱ्या कोणाले मी बूड टेकू दिलं नाही. बैल पाडतात कसा, पाहिलं का तुमी? पायांत दोर घालून ओढला की एवढं मोठं जनावर धाडकन आडवं होते, डोळे पांढरे होतात. मग मानेवर गुडघा देऊन बसायचं. मले ते आवडायचं. हे पण लिहून ठेवतो — मले ते आवडायचं.

स्वतःचे बैल कधी नव्हते. म्हणून पोळ्याच्या आदल्या सांजेले, लोक बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकतात, उद्या जेवाले या म्हणून त्यांना आवतन देतात, तेव्हा मी सायकलच्या दांडीले हळद-तेल चोळायचो. तिले आवतन द्यायचो. गाव हसायचं. शेजारचा नामदेव, त्याची पवळ्या-ढवळ्याची जोडी होती, तो दरसाल विचारायचा, मामा, तुमच्या बैलाले शेपूट कुठं आहे? मी म्हणायचो, तुह्या बैलाले घंटी कुठं आहे?

मग साखरेची बिमारी लागली. उजवा पाय बधिर झाला. एकदा पायाची बोटं चाकाच्या तारांत गेली अन् मले कळलंच नाही. रस्त्यानं जाणारी एक बाई ओरडली तेव्हा मागं वळून पाहिलं — डांबरावर रक्ताची रेघ. अकोल्याले दोन बोटं कापली. डॉक्टरनं सांगितलं, सायकल बंद. आणखी एक जखम झाली तर पाय गुडघ्यातून जाईन. मी घरी आलो अन् पट्टी निघायच्या आत सायकलवर बसलो. वत्सला भांडली. दोन वर्षं भांडली, मग गप झाली. मले वाटलं, हारली.

त्या दिवशी दुपारी पवळ्या आमच्या आंगणात लिंबाले बांधला होता. त्याले नाल ठोकून झाले होते. नामदेव शिंगांचा रंग आणाले गेला होता. मी सायकल धुवाले छपरीत गेलो — अन् पाहतो तर पायडलं नाहीत. दोन्ही नाहीत. नुसते दांडे, माझ्या कापलेल्या बोटांसारखे. डावं पायडल उलटं फिरवून निघते, हे तिले कोणी सांगितलं असन? माझ्याकडं पाहू-पाहूच शिकली असन.

ती ओट्यावर डाळ निवडत होती. मी विचारलं. तिनं मान वर केली नाही.

"तुमाले सायकल पायजे. मले तुमचा पाय पायजे," ती म्हणाली. "आता काय करता ते करा."

इथं मी दरवेळी थांबतो. मनातल्या मनात सांगतानाही इथं येऊन थांबतो. रागाच्या भरात झालं, असं लोक म्हणतात ना? माझा हातोडा छपरीत डब्यावर होता. मी परत छपरीत गेलो, तो घेतला, अन् आठ पावलं चालत ओट्यापाशी आलो. आठ पावलं. तिनं पाहिलं अन् हात आडवा धरला. मी मारला. मनगटाच्या वर हाड मोडलं, त्याचा आवाज झाला. ती हात मोडला एवढंच समजली का, मले माहीत नाही. मी हातावर नेम धरला नव्हता. डोक्यावर धरला होता. हात मधात आला.

रंग घेऊन परतलेला नामदेव तिच्या किंकाळीनं धावत आला. ती खाली पडलेली, डाळ सारी सांडलेली, पवळ्या दोराले हिसके देऊन राहिलेला. काय झालं, काय झालं? अन् माझ्या तोंडातून निघालं — पवळ्यानं लात मारली.

एवढ्यावरही निभलं असतं. नामदेव बिचारा स्वतःच वाट दाखवत होता.

"मामा, खिळा खोल गेला का? जनावर कळवळलं असन," तो म्हणाला.

मी हो म्हटलं असतं तर बैल सुटला असता. दुखलं म्हणून लात मारली, एवढंच झालं असतं. पण चाळीस वर्षांत माझा एक खिळा खोल गेला नव्हता — अन् मी तसं बोलू देईन?

"माह्या हातचा खिळा खोल जाते का?" मी म्हटलं. "तुहं जनावरच मारकं हाये."

नामदेवनं लिंबाशी पडलेला जुवाचा दांडा उचलला. आधी पुठ्ठ्यावर मारलं, मग पायांवर, मग तोंडावर. पवळ्याले पळाले जागा नव्हती, दोर आखूड होता. तो मीच आखूड बांधला होता. नाकातून रक्त आलं, पुढचे गुडघे टेकले, तरी तो मारतच राहिला. मामीले मारतं का, मामीले मारतं का — रडून राहिला अन् मारून राहिला. मी उभा होतो. तो मारण्यात गुंतला तेव्हाच हातोडा धुऊन डब्यावर ठेवून आलो होतो. वत्सला ओट्याशी मोडका हात छातीशी धरून बसली होती. ती बैलाकडं पाहत नव्हती. माझ्याकडं पाहत होती.

दवाखान्यात डॉक्टरनं तिले दोनदा विचारलं, बाई, हे कशानं झालं? मले बाहेर जाले सांगितलं. दारातून ऐकलं मी. बैलानं, ती म्हणाली. दोन्ही वेळा.

पवळ्या पोळ्यात उभा राहिला नाही. मारक्या बैलाले तोरणाखाली कोण उभं करते? पुढच्या आठवड्यात नामदेवनं त्याले बाजारात नेलं. मारका म्हणून नाव झालेला, गुडघ्यात लंगडा झालेला बैल कोणता कास्तकार घेईन? तो कुठं गेला ते तुमाले कळते.

पण त्याच्या आधीची ती सकाळ सांगायची राहिली. पोळ्याची सकाळ.

नामदेव आंघोळ न करताच आला अन् वत्सलाच्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या जनावराचं पाप आहे, माफ करा म्हणाला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मले वेळ देऊन राहिली होती, हे मले तेव्हाही समजलं होतं. मी छपरीत गेलो. ती उठली, ज्वारीच्या कोठीतून पायडलं काढली अन् डाव्या हातानं माझ्यापुढं ठेवली. मी ती बसवली. दांडीवरून एकदा हात फिरवला. मग सायकल बाहेर काढली अन् नामदेवच्या हातात दिली. घेऊन जा, म्हटलं, मले आता झेपत नाही.

तो रडाले लागला. गल्लीतून सायकल ढकलत जाताना दारोदारी थांबून सांगे — माह्या बैलानं मामीचा हात मोडला, अन् मामानं मले आपली सायकल देली. माणूस पाहा, म्हणे. बाया दारात येऊन माझ्याकडं पाहत. मी उंबऱ्यात उभा राहिलो. शेवटच्या घरापर्यंत सारं ऐकलं. मान खाली घातली नाही.

मग आत आलो अन् वत्सलाले म्हटलं, सण आहे, पुरणाची डाळ टाक. तिनं डाव्या हातानं चूल पेटवली. मी पाटावर बसलो, अन् जेवण व्हायची वाट पाहिली.