बुक्क्याच्या डबीचा वजीर

या, असे पुढे सरकून बसा. पूर्वरंग संपला, कीर्तनकारांना हार घालून होईपर्यंत थोडा वेळ आहे, तेवढ्यात मावेल अशी एक गोष्ट सांगतो. भीतीची आहे, पण अर्ध्यात उठू नका.

दशक्रियेहून परतलेल्या द्वारकाताई भरदुपारी दार लोटून चटईवर आडव्या होतात. शेजारच्या दिगंबरबुवांच्या पिंडाला आज कावळा शिवला नाही. मुलाने नातवाची मुंज कबूल केली, सुनेने दरवर्षीचं कीर्तन कबूल केलं. कावळे फांदीवरून नुसते बघत राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. बुवांचा जीव कशात अडकलाय ते घाटाच्या पायरीवर उभ्या असलेल्या एकट्या द्वारकाताईंना ठाऊक होतं. पण एवढ्या लोकांत बुद्धिबळाचा डाव राहिलाय असं सांगायची त्यांना लाज वाटली.

तो डाव कोपऱ्यात चौरंगावर तसाच मांडलेला आहे. साठी उलटल्यावर बुवांनीच त्यांना खेळायला शिकवलं. ताईंच्या बाजूचा पांढरा वजीर कधीचाच हरवलेला, म्हणून त्याच्या जागी बुवांची कीर्तनातली बुक्क्याची पितळी डबी. शेवटच्या संध्याकाळी बुवा म्हणाले होते की यात मात आहे ताई, पण काहीतरी द्यावं लागेल. उद्या सांगते, म्हणून त्या उठल्या. पहाटे बुवा गेले.

डोळा लागतो न लागतो तोच चटई गार पडते. देवळाचा सभामंडप आहे. फरशी काळी-पांढरी, एकेक घर चटईएवढं. कोपऱ्यातल्या घरात बुवा उभे आहेत, खांद्यावर उपरणं, पाय मात्र फरशीत रुतलेले. त्यांचीच माणसं त्यांना खेटून उभी आहेत, दगडासारखी. मुलगा हत्तीच्या जागी. द्वारकाताईंचा घोडा जवळच फुरफुरतोय. आता मंडप नाही, घाट आहे. पाणी चढतंय. फांदीवर कावळे.

“ताई, श्वास कोंडतोय.”

द्वारकाताई डबी छातीशी धरतात. ती गरम लागते, जिवंत असल्यासारखी. “ही नाही देणार, बुवा. ही गेली तर तुमचं माझ्याकडे राहिलं काय?”

“बोहारणीसारख्या सोंगट्या मोजताय अजून.” बुवा हसतात, पण हसण्याला आवाजच नाही. “उगाच दिलं तर ते फेकणं झालं. समोरच्याला घ्यावंच लागेल असं द्या. आणि त्याने घेतल्यावर त्याच्या राजाची वाट कशी बंद होते, ते आधी बघा.”

पाणी गुडघ्यांना लागतं. द्वारकाताई घाबऱ्या डोळ्यांनी बघतात. डबी बुवांच्या शेजारच्या घरात ठेवली तर शह. बुवांना ती उचलता येत नाही, त्या घरावर घोड्याचा डोळा आहे. मुलालाच उचलावी लागेल. तो तिथे आला की बुवांना चारी बाजूंनी आपलीच माणसं, हलायला घर नाही. मग घोड्याची एक उडी.

“म्हणजे मी तुम्हाला मारायचं?”

“मरून दहा दिवस झाले, ताई. डाव तेवढा राहिलाय.”

कावळे पंख पसरतात, अंधारून येतं. द्वारकाताई डबीवरचा हात मागे घ्यायला बघतात.

“हात लावलात,” बुवा शिकवणीतल्याच सुरात म्हणतात. “आता खेळावं लागेल.”

त्या डबी ठेवतात. मुलगा उचलतो. घोडा उडी घेतो. बुवांचा पाय पहिल्यांदाच फरशीतून सुटतो. ते डबीत बोट बुडवून ताईंच्या कपाळाला लावतात. बोट नदीच्या तळासारखं गार.

द्वारकाताई दचकून उठून बसतात. ऊन भिंतीवर चढलंय. पटावर सगळं जागच्या जागी, डबीचं झाकणही घट्ट. पण आरशात कपाळावर बुक्क्याचं बोट उमटलेलं, अजून ओलं.

मग पटावर त्या तिन्ही चाली खेळतात. भाताची मूद घेऊन परसात जातात. ती कठड्यावर ठेवून हात मागे घेण्याआधीच पंख वाजतात.

उद्या जेवणाआधी कावळ्याला घास ठेवाल ना, तेव्हा आमच्या दिगंबरबुवांची एकदा आठवण काढा.