दाजी, आ करा

"आधी हे सांगा, तुमी जेवलात का?" तिचा प्रत्येक व्हॉइस मेसेज ह्याच वाक्यानं सुरू व्हायचा. कुणाचा रोगी तापानं फणफणलेला असो, की अंथरुणातल्या सासूनं कुणाला शिव्या हासडलेल्या असोत, हिचं आधी जेवण. मागं म्हशीचं रेकणं, भांड्यांचा खणखणाट, आणि त्यातूनच हिचं बोलणं.

आमचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट आहे. ज्यांच्या घरात माणूस अंथरुणाला खिळलंय आणि ज्या त्याचं सगळं करतात, अशा बायकांचा. परभणीच्या एका नर्सबाईंनी तो काढला. आमच्या ह्यांना लकवा झाला, तेव्हा मलाही त्यात घेतलं. ही 'जेवलात का'वाली त्याच गटातली, सोनपेठची, आजारी आईला सांभाळणारी. तिला मी कधी पाहिलं नाही. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल लावलेलं. म्हणजे बाई दिसायला कशी, हेही कळायची सोय नाही!

आता माझं दुखणं ऐका. आमचे हे पाथरीला एसटीत कंडक्टर. जन्मभर "पुढं सरका, पुढं सरका" ओरडलेला माणूस. लकव्यानं वाचा गेली आणि ह्यांनी तोंडच मिटून घेतलं. घास पुढं केला की दात घट्ट. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मी समजावलं, रडले, रागावले, लेकरांची शपथ घातली. ढिम्म. शेवटी गटावर सांगितलं.

तिचा मेसेज आला. मी मोठ्या आवाजात लावला.

"अक्का, आधी हे सांगा, तुमी जेवलात का? बरं, आता फोन दाजींच्या कानापाशी धरा. काय दाजी, लय रुसलात म्हणं? साऱ्या पाथरीला गाडीत जागा करून दिली, अन् आमच्या अक्कालाच मधल्या स्टापावर उतरवता व्हय? आ करा बरं!"

हसले हो! अर्ध्या तोंडानं, पण हसले. आणि आ केला. घट्ट पेजेचा चमचा ह्यांच्या तोंडात गेला आणि आग माझ्या पोटात पडली. मला धाकटी बहीण नाही. ह्यांना जन्मात कुणी दाजी म्हटलेलं नव्हतं. आणि आता ह्या वयात, अंथरुणात पडल्या पडल्या, मोबाइलमधून मेहुणी आली!

मग रोजचंच झालं. जेवायच्या वेळी फोन वाजला की ह्यांची मान तिकडं. हगणं-मुतणं मी काढायचं, कूस मी बदलायची, आणि हसू मात्र सोनपेठला. तुम्हीच सांगा, जळू नको तर काय करू?

एकदा मी तिचा मेसेज लावलाच नाही. म्हटलं, त्यात काय एवढं मोठं? पदर खोचला, आवाज बारीक केला आणि म्हणाले, "काय दाजी, आ करा बरं!" ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही बायकोला वेड लागलंय. मग हळूच भिंतीकडे तोंड फिरवलं. लग्नाच्या बायकोनं नवऱ्याला दाजी म्हणायचं! मुकाट्यानं तिचा मेसेज लावला. जेवले.

मग एक दिवस सकाळीच तिचा मेसेज आला, बोललेला नव्हे, लिहिलेला. "माय गेली." आमच्यात रीत आहे, जिचं माणूस गेलं ती गट सोडते. बाकीच्या अजून झुंजत असतात, त्यांच्यात मोकळ्या हातांनी बसवत नाही. दुपारपर्यंत तिनंही गट सोडला. माझ्या मनात आधी काय आलं? आता ह्यांना जेवू कोण घालणार!

मी जुना मेसेज लावला. ह्यांना ते लगेच कळलं. ओठ मिटले. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी वैतागून सांगूनच टाकलं, "तिची माय गेली. ती आता न्हाई बोलायची."

ह्यांचे डोळे भरले. माझेही भरले, पण रागानं. तिच्या मायसाठी पाणी काढता, आणि माझी माय गेली तेव्हा? तेव्हा ड्यूटी होती!

तेवढ्यात ह्यांचे ओठ हलले. घशात घरघर झाली. पाणी मागत असतील म्हणून मी वाकले.

"जे... जेव... ली?"

लकव्यानंतरचा पहिला शब्द. माझं नाव नाही, लेकरांचं नाही. तिच्या जेवणाची चौकशी! आणि आम्हा साऱ्या शहाण्यांपैकी एकीनंही तिला कधी हे विचारलं नव्हतं.

जळले. लय जळले. मग तिचा नंबर काढला, बटण दाबलं आणि फोन ह्यांच्या तोंडापाशी धरला. "म्हणा परत," मी म्हणाले. "मेहुणीला पाठवायचंय."

ह्यांनी घाम गाळून म्हटलं. तिनं ते ऐकल्याची निळी खूण आली. उत्तर अजून नाही.

आता रोज जेवायच्या वेळी मी चमचा धरून बसते. "आधी आ करा," म्हणते, "मेसेज आला की लावते." करतात. डोळे मात्र फोनवर. माझेही.