झाकून ठेवलेली गट्ट्याची भाजी

आमच्या जयपूरच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका पंचांनी एका बाईला फसवलं. ती जवळच्या बगरू गावात माझ्या दुकानासाठी कापडावर ठसे छापते आणि नुकतीच उपासनेला येऊ लागली होती. उपासनेनंतरच्या प्रीतिभोजनाला, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र जेवणाला, प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा असतो. तिने पातेलंभर गट्ट्याची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, भाजी आणली. पंचांनी ती हसून घेतली आणि स्टोअररूममध्ये झाकून ठेवली. बिचारी जेवताना सगळ्यांच्या ताटांत आपली भाजी शोधत होती.

मी पंचांना गाठलं. ते म्हणाले, “मतलब, तिचे हात बघितलेत का? निळे. लोकांना किळस येते.”

“तुमच्या घरच्या चादरी तिनेच छापल्यात. त्यांच्यावर झोप लागते ना?”

छपाईची ती नीळ हातांवरून धुऊन जात नाही. तासाभरापूर्वी याच लोकांनी प्रभुभोजनात तिच्यासोबत एकाच भाकरीतलं खाल्लं होतं. लोक ज्याला पापी म्हणत त्या जकातदाराच्या घरी येशू जेवला, वाढणाऱ्याचे हात तपासत बसला नाही. बाजारातले लबाड निदान प्रार्थना करून माल लपवत नाहीत.

मी पातेलं आणून मधोमध ठेवलं आणि आधी स्वतःला वाढून घेतलं. उपासना चालवणारे पाळकसाहेब खाली मान घालून जेवत राहिले.

पाळकसाहेब, पुढच्या वेळी भाकर मोडण्याआधी तिला सगळ्यांसमोर सांगा, तिची भाजी पंचांनी कुणाच्या हुकमाने झाकली होती?