निर्माल्याचं अत्तर

भानुमतीबाईंना कशाचीही किळस यायची. शेजारच्या करपलेल्या फोडणीची, रिक्षावाल्याच्या गुटख्याची, आणि लग्नात लोक अंगावर फवारून येतात त्या सेंटची तर सगळ्यात जास्त. "शी! हे अत्तर आहे का ढेकणाचं औषध?" असं त्या नवरदेवाच्या बापालासुद्धा तोंडावर विचारून मोकळ्या. शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेलं. बाटलीत काय काय ओततात ते त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं पोटात ठेवायची सवय नव्हती.

निवृत्त झाल्यावर त्यांनी सिडकोतल्या घरामागं पत्र्याची शेड घातली, तांबटाकडून मोठा हंडा आणि वाफ न्यायची नळी करून घेतली, आणि देवळातल्या निर्माल्याचं अत्तर काढायला सुरुवात केली. अत्तरासाठी एकही फूल मुद्दाम तोडायचं नाही, देवाच्या अंगावरून उतरलेलंच घ्यायचं. जळणाला कापसाच्या पऱ्हाट्या. रसायनाचा थेंब नाही. आणि पाण्याचं तर विचारूच नका.

पाऊस दगा देऊन गेला होता. गल्लीगल्लीत नवीन इमारती उठत होत्या आणि नळाला पाणी कधी येईल ते देवालाच माहीत. टँकर आला की सुशिक्षित माणसं बादल्यांनी एकमेकांची डोकी फोडायला उठायची. अशात हंड्यात उकळून उरलेलं तपकिरी पाणी फेकायचं? छे! मोनिका नावाची बाई कामाला यायची, ती ते गाळून फाटकाबाहेरच्या झाकणाच्या निळ्या पिंपात भरायची. "ज्याला पाहिजे त्यानं न्यावं, पण गटारात ओतायचं नाही," हा बाईंचा हुकूम. त्या स्वतः पिंपाकडं कधी फिरकल्या नाहीत. चांगलं काम केलं की ते पुन्हा तपासायला कोण जातं?

निर्माल्याची घाण निराळीच. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, पायदळी येऊ द्यायचं नाही. म्हणून ज्याचं देवाशी लांबचं जरी नातं असेल ते सगळं लोक त्या पिशव्यांत कोंबायचे. बुरशी आलेले पेढे, तेलकट वाती, फुटक्या काचेसकट तसबिरी, एकदा तर कुणाच्या तरी पोराचं जावळ! फुलांत हात घातला आणि ते केस बोटांना गुंडाळले, तेव्हा बाईंना तिथंच ओकारी आली. "पुण्य कमवायचं यांनी आणि निस्तरायचं मी," असं म्हणत त्यांनी हात घासून घासून लाल केले.

एवढं सोसून काढलेल्या अत्तराला त्या चैत्रात घाण वास मारायला लागला. आधी जरासा आंबूस, मग प्रत्येक घाण्याला वाढत वाढत सडक्या कांद्याच्या चाळीसारखा. भाचीच्या, सावनीच्या साखरपुड्यात त्यांनी मोठ्या हौसेनं बाटल्या वाटल्या, तर पाहुणे मोरी तुंबली का म्हणून बघून आले. भानुमतीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी हंडा चिंचेनं घासला, नळी बदलली. वास जाईना. मग फुलांचा माग काढत त्या थेट देवळाच्या पायरीशी गेल्या आणि तिथं हार विकणाऱ्या दगडाबाईच्या टोपलीतला ताजा हार उचलून त्यांनी नाकाला लावला.

"अहो, देवाच्या हाराचा वास घेता?" रांगेतली माणसं ओरडली.

बरोबरच आहे. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. त्यामुळं विकत घेणारा, वाहणारा, पुजारी, कुणीच हाराजवळ नाक नेलं नव्हतं. हार सडक्या पाण्याचा वास मारत होता आणि माणसं डोळे मिटून हात जोडत होती. भानुमतीबाईंना त्या सगळ्या गर्दीची शिसारी आली.

दगडाबाई सिल्लोडकडची. विहीर आटली, शेत पडीक पडलं, तशी ती शहरात आली आणि मंडईतला झेंडू ओवून विकायला लागली. त्या पायरीच्या जिवावर तिची चूल पेटत होती. भानुमतीबाईंनी ते काही बघितलं नाही. त्या तरातरा आत गेल्या आणि विश्वस्त तात्यासाहेबांना बाहेर घेऊन आल्या. तात्यासाहेबांनी स्वतःचं शेत प्लॉट पाडून विकलेलं, आता देवस्थान सांभाळत होते.

"हिला इथून उठवा. नाल्याचं पाणी मारते ही देवाच्या हारांवर!"

"काय गं दगडाबाई?"

"नाल्याचं नाय मालक."

"मग कुठलं? सांग, नाहीतर उद्यापासून इथं टोपली लावायची नाही."

दगडाबाईनं एकदा भानुमतीबाईंकडं बघितलं आणि मान खाली घातली. तात्यासाहेबांनी पुन्हा विचारलं, तरी तोंडाला कुलूप.

भानुमतीबाईंनी टोपलीमागची बादली ओढली आणि तिच्यात वाकून वास घेतला. पण त्या सडकेपणाच्या खाली आणखी काहीतरी होतं. तांबं. पऱ्हाट्यांचा धूर. दहादा शिजलेला झेंडू. भानुमतीबाई तशाच वाकून राहिल्या. त्यांच्या पिंपात उन्हानं आंबलेलं पाणी ही हारांवर शिंपडत होती, हार देवाच्या गळ्यात, तिथून त्यांच्या हंड्यात, आणि हंड्यातून पुन्हा पिंपात.

"तुला वास येत नव्हता?" त्यांनी हळूच विचारलं.

"येत व्हता की. पयल्या दिवसापासनं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"दुष्काळात पाण्याला नाव ठिवू नाय बाई. तुमच्या कालनीत लई दारं हिंडले. समद्यांनी हाकललं. तुमच्या दारात पिंप भरलेलं असायचं. देणाराच्या तोंडावर कसं म्हणू, की तुमचं पाणी वंगाळ हाय?"

"अगं, मग आत्ता तरी सांगायचंस! पायरी गेली असती तुझी."

"गेली असती," दगडाबाई म्हणाली.

भानुमतीबाईंना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची किळस आली. हातांची, पदराची, त्या मिरवलेल्या नाकाची. पळून जावंसं वाटलं. पण त्या उभ्या राहिल्या आणि रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तात्यासाहेब, पाणी माझं आहे. उठवायचंच तर मला उठवा."

"म्हणजे इतके दिवस देवाला तुमचं..." तात्यासाहेबांनी उपरण्याचा शेव नाकाला लावला आणि भानुमतीबाईंपासून दोन पावलं मागं सरकले. रांगही सरकली. तिथं ऊन मी म्हणत होतं.

दगडाबाईनं टोपली बाजूला ओढली, पायरी हातानं झटकली आणि म्हणाली, "बसा बाई हितं. सावली हाय जरा."