टँकरचं पाणी आणि पहिला रोजा

त्या साली आमच्या धारूरकडं पेरलेलं उगवलंच नाही. दिवाळीआधीच आई-अब्बा मुकादमाच्या ट्रकमधून ऊसतोडीला गेले, लांबच्या एका सहकारी कारखान्यावर. मला शाळेतल्या हंगामी वसतिगृहात ठेवलं. तिथं आम्ही वीसेक पोरं, त्यांत मुसलमान मी एकटीच. स्वयंपाकाला गावातली एक मावशी होती. ती आम्हा पोरींजवळच वर्गात झोपायची. तोंडानं भलती फटकळ, पण खिचडी तळहातावर घेऊन मीठ बघितल्याशिवाय कुणाला वाढायची नाही.

रमजान लागला. माझा पहिला रोजा आईच्या पुढ्यात व्हायचा होता, गळ्यात हार, अंगात नवा ड्रेस. आई नव्हती. मग मी हट्टालाच पेटले. रोजा धरणार म्हणजे धरणार, आणि ईदला आईला सांगणार.

"आमच्या उपासाला साबुदाणा तरी चालतो. तुमच्यात पानी बी न्हाई? मरशील की गं!" मावशी ओरडली. पण पहाटे तिनंच हलवून उठवलं आणि भाकरी खाऊ घातली.

दुपारी टँकर आला. सगळ्यांबरोबर मीही घागर घेऊन पळाले. घागर भरली आणि सवयीनं ओंजळ लावून घटाघटा पाणी प्याले. तोंड पुसताना आठवलं. घागर तिथंच टाकून मी भोकाड पसरलं. रोजा मोडला, आता आईला काय सांगू?

मावशीनं हाताला धरून किराणा दुकानातल्या फोनवर नेलं. मुकादमानं नवाच मोबाइल घेतला होता, त्यानं उसाच्या फडातून आईला हाक मारली. मी हुंदके देत सगळं सांगितलं.

आई हसली. "भूलकू पिई ना? फिर अल्लानेच पिलाया समज. रोजा पूरा कर, बेटा." आणि मग तीच रडायला लागली. मला मात्र गर्व झाला. एवढ्या दुष्काळात अल्लानं खास माझ्यासाठी टँकर पाठवला होता!

फोन ठेवणार तेवढ्यात मावशीनं तो हातातून ओढून घेतला. एरवी कुणाच्या बापाला न घाबरणारी ही बाई चक्क चाचरत होती.

"अवो, ऐका की. पोरगी एकटी उपाशी, म्हणून म्या बी धरलता. अन् मीठ बघायला खिचडी चाखली की वो, इसरून. माजा मोडला का?"