धुळीवरचा क्लिअर कोट

स्प्रेचा डबा संपला की भंगारवाला घेऊन जातो. त्या डब्याने करून ठेवलेला घोटाळा मात्र कोणी नेत नाही. त्यामुळे आमच्याकडे रंगापेक्षा घोटाळ्यांचाच साठा जास्त!

चंद्रपुरात रहीमभाईंचं गाड्या रंगवायचं दुकान आहे. रविवारी ते बंद असतं, आणि नेमके त्याच दिवशी आम्ही तिघं आपापली छोटी मॉडेलं घेऊन तिथे हजर असतो. चित्रकलेच्या शिक्षिका शैलाबाई, कोळसा खाणीतून रिटायर झालेले देवरावभाऊ आणि मी. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारायची मला खोड, आणि इकडे ‘का’ला ‘काऊन’ म्हणतात, म्हणून इथे माझं नाव काऊनभाऊ पडलं आहे.

*

शैलाबाईंनी थर्माकोलचा किल्ल्याचा दरवाजा केला होता. कमानीचा एकेक दगड कोरलेला, महिनाभराचं काम. शेवटी चमक यावी म्हणून त्यांनी त्यावर लॅकरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारला. आमच्या डोळ्यांदेखत आधी कमान खाली बसली, मग बुरूज.

मी लगेच ‘का’ विचारलं. लॅकरमधलं थिनर थर्माकोल खातं, एवढं सांगून रहीमभाई हळूच म्हणाले, “बाई, इतक्या लढाया झाल्या, किल्ला नाई पडला. तुमी एका फवाऱ्यात पाडला.”

शैलाबाईंनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

*

देवरावभाऊंचा जीव त्यांच्या डंपरमध्ये. तीस वर्षं ज्यावर काढली, त्या डंपरचं मॉडेल ते दोन वर्षं प्लास्टिकच्या शीटमधून कापत होते. कारण एकच. इंदिराबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, तो दाखवायचा होता. खाणीत घरच्यांना सोडत नसत. खरा डंपर कधीच मोडीत निघाला आणि बाईंनी तो एकदाही पाहिला नाही.

पहिली केबिन भाऊंनी ऑइलपेंटने पिवळी केली आणि वर लॅकर मारलं. पाच मिनिटांत सगळ्या रंगाला सुरकुत्या! भाऊ केबिनकडे बघत राहिले, मग स्वतःच्या हाताकडे. “माह्यासंगच बुढी झाली,” म्हणाले.

तेव्हापासून रहीमभाईंचा नियम आहे, आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारून बघायचं, मग मॉडेलवर. आता इतके चमचे आणायचे कुठून? सिंदेवाहीच्या एका लग्नात भाऊ चमच्यांसाठी आइसक्रीमचे सात कप खाऊन आले. आता त्या गावात कुठेही पंगतीला बसले की यजमान सांगतात, “भाऊले आइसक्रीम द्या, त्याईले लै आवडते.” घसा बसतो, पण भाऊ नाही म्हणत नाहीत.

*

पावसाळ्यात मी माझ्या लाल बसवर क्लिअर मारला आणि अख्खी बस पांढुरकी झाली. हवेतला ओलावा ओल्या कोटात अडकतो म्हणे. पण किती ओलावा चालतो? माझ्या या प्रश्नावर शैलाबाईंनी उपाय काढला. खिडकीत वाटीभर मीठ ठेवायचं. मीठ ओलसर, तर स्प्रे बंद.

मीठ काही सुकेना. आम्ही रविवारी जमायचो, मीठ बघायचो आणि घरी जायचो. माझी बस पाहून देवरावभाऊंनी समजूत घातली, “राहू दे. थंडीत गडचिरोलीची पहिली गाडी अशीच येते.”

*

डंपरला चकचकीत कोट द्यायचा की मॅट, यावरून रहीमभाई आणि देवरावभाऊ तीन रविवार एकमेकांशी बोलत नव्हते. रहीमभाईंनी उभ्या आयुष्यात कुणाची गाडी निस्तेज करून दिलेली नाही. भाऊंचं म्हणणं, खाणीत चमकते ती फक्त साहेबाची जीप.

शेवटी भाऊ घरून पुडी घेऊन आले. खलबत्त्यात कुटून फडक्यातून गाळलेली कोळशाची पूड. ब्रशने ती त्यांनी चाकांवर, शिडीवर, केबिनच्या दाराखाली बसवली. ती धरून ठेवायला वरून मॅट कोट हवा, आणि मॅटचा डबा एकच, नागपूरहून मागवलेला. हात चुकला तर दोन वर्षं पाण्यात. भाऊंनी डबा रहीमभाईंपुढे धरला.

रहीमभाईंनी डबा बराच वेळ हलवला, एक वीत अंतर धरलं. “सारी जिंदगी धूळ पुसून क्लिअर मारला. आज धुळीवर मारून राह्यलो,” म्हणाले, आणि इतका पातळ कोट दिला की पूड जागची हलली नाही.

*

पुढच्या रविवारी इंदिराबाई आल्या. भाऊंनी नवा शर्ट घातला होता. मला धाकधूक, बाई खेळणं म्हणून हसल्या तर? भाऊ सांगत सुटले होते. ही शिडी, इथी मी बसत होतो, इथून मागचं काईच दिसत नाई. बाई ऐकत होत्या की नाही, कळेना. त्यांची नजर केबिनच्या दाराखालच्या काळ्या डागावर होती.

त्यांनी पदराचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं आणि तो डाग पुसला. मग जोर लावून पुसला. रहीमभाई घाबरून उठायला लागले, तर शैलाबाईंनी त्यांना हाताला धरून बसवलं. बाईंनी पदर उलटा करून पाहिला. कोरा होता.

“नाई निघत,” त्या भाऊंना म्हणाल्या. “तीस वर्सं तुमचे शर्ट घासले मी. हाच व्हय तो.”